खारीच्या छापाची बिडाची शेगडी: मॉर्सोचं ओतकाम, सांधे आणि सुटे भाग

बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, शेगडीबद्दलचा सगळ्यात खपलेला गैरसमज म्हणजे "बीड तासन्‌तास गरम राहतं". डेन्मार्कच्या मॉर्सो कंपनीच्या 1400 मालिकेतल्या छोट्या शेगडीबद्दल (इंग्लंडात ती 'स्क्विरल' म्हणजे खार या नावाने विकली जाते) लिहायचं, तर आधी हाच हिशेब उरकलेला बरा. शेगडीचं वजन सत्तर किलोच्या आसपास. एक किलो बीड एका अंशाने तापवायला साधारण 0.5 किलोज्यूल लागतात. अख्खी शेगडी खोलीपेक्षा सरासरी 200 अंशांनी जास्त तापली असं धरलं, तर तिच्यात साठली 7,000 किलोज्यूल, म्हणजे दोन युनिटांपेक्षा जराशी कमी उष्णता. साडेचार किलोवॅटने चालणारी शेगडी एवढी उष्णता पंचवीस-सव्वीस मिनिटांत खोलीत सोडते. विस्तव विझल्यावर तास-दीड तास ती कोमट राहील, त्यापलीकडे काही नाही. रात्रभर ऊब धरणारी वस्तू हवी असेल तर विटांची किंवा शंखजिऱ्याच्या दगडाची भारी शेगडी बघा. शंखजिरं किलोमागे बिडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता साठवतं, आणि अशा शेगड्या वजनालाही कित्येक पट असतात.

मग बिडासाठी जादा पैसे का मोजायचे? दोन कारणं पटण्यासारखी आहेत. बीड आगीसमोर आपला आकार पातळ पोलादी पत्र्यापेक्षा बराच जास्त काळ धरून ठेवतं. आणि बिडाची शेगडी वेल्ड केलेली नसते. ती ताटांची, म्हणजे प्लेटांची, बोल्टने आवळलेली पेटी असते, त्यामुळे जळलेली प्लेट काढून नवी बसवता येते. हा दुसरा फायदा मात्र तीस-चाळीस वर्षांनीही तीच प्लेट ओतून देणारं कोणी असेल तरच खरा. म्हणूनच या शेगडीचं परीक्षण करताना तिच्या ओतशाळेचा इतिहास बाजूला ठेवता येत नाही.

मॉर्स हे डेन्मार्कच्या वायव्येला लिमफ्योर्ड या खाडीतलं बेट आणि नुकोबिंग हे त्यावरचं गाव. नील्स आंद्रेआस क्रिस्टेन्सेन यांनी 1853 मध्ये इथे ओतशाळा सुरू केली. बेटावर फाउंड्री ही कल्पना आज चमत्कारिक वाटते, कारण डेन्मार्कमध्ये म्हणण्याजोगी लोखंडाची खाण नाही आणि कोळसाही नाममात्र. पण 3 फेब्रुवारी 1825 च्या वादळात समुद्राने आगर या गावाजवळची वाळूची पट्टी फोडली आणि लिमफ्योर्डला पश्चिमेकडून उत्तर समुद्रात थेट वाट मिळाली. तोवर पूर्वेकडून वळसा घालून येणारा माल आता पश्चिमेकडूनही येऊ शकत होता. कच्चं लोखंड आणि कोक ही वजनदार, स्वस्त, जहाजाने आणायची चीज. ती बंदरावर उतरवून तिथेच वितळवायची आणि तयार माल आसपासच्या शेतघरांना विकायचा, असं हे गणित. भारी बिडाची वाहतूक महाग असल्यामुळे त्या काळी डेन्मार्कमध्ये बऱ्याच गावांना स्वतःची ओतशाळा होती. ओडेन्सला आलेरुप, स्वेनबोर्गला लांगे, पुढे वाइलेला हेस. यातली बरीच नावं संस्थापकांची आडनावं आहेत आणि शेगडीच्या प्लेटवर ती ठसठशीत ओतलेली सापडतात. मॉर्सच्या जुन्या मालावरही 'एन. ए. क्रिस्टेन्सेन अँड कंपनी' असंच ओतलेलं असतं.

याआधीचा इतिहासही थोडा सांगायला हवा. डेन्मार्क आणि नॉर्वे एका राजाखाली होते तोवर डॅनिश घरांतल्या लोखंडी शेगड्या प्रामुख्याने नॉर्वेच्या लोहशाळांतून येत. बायबलमधले प्रसंग किंवा राजाची मुद्रा ओतलेल्या प्लेटांची ती पेटी असे. तिचं तोंड स्वयंपाकघरात उघडे आणि धड बैठकीच्या खोलीत असे, म्हणजे धूर-राख तिकडे आणि ऊब इकडे. डॅनिश भाषेत तिला 'बिलेगर' म्हणतात. 1814 मध्ये कीलच्या तहाने नॉर्वे डेन्मार्कच्या हातून गेला. त्यानंतर देशी ओतशाळांना मोकळं रान मिळालं, आणि क्रिस्टेन्सेन यांची ओतशाळा त्याच लाटेतली. 1915 मध्ये मॉर्सोला राजदरबाराचा पुरवठादार हा किताब मिळाला. दुसऱ्या महायुद्धात आयात कोळसा आटला तेव्हा देशाने पीट आणि तपकिरी कोळसा जाळून थंडी काढली. नंतर स्वस्त तेल आलं आणि शेगड्या अडगळीत गेल्या. 1973 च्या तेलसंकटाने त्या पुन्हा बाहेर काढायला लावल्या, कारण तोवर डेन्मार्कची ऊर्जेची बहुतेक गरज आयात तेलावर भागत होती. ज्यांच्याकडे पॅटर्न शाबूत होते त्यांना नव्याने काही शोधावं लागलं नाही.

'पॅटर्न' या शब्दापाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. प्लेट ओतायची तर आधी तिचा लाकडी किंवा धातूचा नमुना लागतो. बीड थिजताना आणि निवताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. पॅटर्नमेकरची मोजपट्टीच मुळी मीटरमागे 10 मिलिमीटर जास्त लांब असते. आता समजा शेगडीची पाठ तडकली आणि मूळ प्लेट मिळेना. एखादी फाउंड्री म्हणते, "जुनी प्लेट द्या, तिच्यावरून वाळूत छाप घेतो आणि ओतून देतो." छाप उत्तम येईल, नक्षी हुबेहूब उमटेल, पण 400 मिलिमीटरची प्लेट 396 मिलिमीटरची निघेल. शेगडीच्या सांध्यात प्लेटेची कड शेजारच्या प्लेटेच्या खाचेत बसते आणि खाच जेमतेम सात-आठ मिलिमीटर खोल असते. चार मिलिमीटर कमी म्हणजे एका बाजूने कड खाचेत जेमतेम अर्धीच. मग सिमेंट थापून वेळ मारून नेतात आणि पहिल्याच थंडीत ते सिमेंट गळून पडतं. मूळ पॅटर्न जपून ठेवणारं घराणं आणि नुसती जुनी नक्षी विकणारा ब्रँड, दोघांच्या शेगड्या दुकानात शेजारी ठेवल्या तर फरक दिसणार नाही. सुटा भाग मागवायची वेळ आली की दिसतो. शेगडी निवडताना कॅटलॉगमधल्या फोटोंआधी सुट्या भागांची यादी मागा. जाळी, बॅफल (आगीच्या डोक्यावरची आडवी प्लेट), दाराची काच, दाराच्या कडेला बसणारी उष्णतारोधक दोरी, बिजागरीची खीळ आणि पाठीची प्लेट हे सहा भाग वेगवेगळ्या क्रमांकांनी मिळत असतील तर ती शेगडी दुरुस्तीयोग्य. मॉर्सोची ही बाजू भक्कम आहे: चालू आणि बंद झालेल्या अनेक मॉडेलांचे भाग क्रमांकावार मिळतात.

ओतकामाबद्दल. शेगडीच्या प्लेटा साधारण पाच-सहा मिलिमीटर जाड असतात. इतक्या पातळ पोकळीत रस थिजायच्या आत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला हवा, म्हणून शेगडीचं बीड पातळ वाहणारं लागतं: कार्बन साडेतीन टक्क्यांच्या आसपास, सिलिकॉन दोन टक्क्यांच्या वर आणि फॉस्फरस यंत्राच्या बिडापेक्षा जास्त. फॉस्फरसने रस पातळ होतो पण प्लेट ठिसूळ होते, म्हणून ही प्लेट आपटली की थेट तडकते, वाकत नाही. वाळू ओली, बेंटोनाइट माती आणि बारीक कोळशाची पूड मिसळलेली. पुडीमुळे रस आणि वाळूच्या मध्ये वायूचा पापुद्रा तयार होतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. चौकटीविना उभा साचा सलग पाडणारं यंत्र ही कल्पनाही 1957 मधली आणि डॅनिशच. साचे यंत्राने पडू लागल्यावर एकाच पॅटर्नच्या दोन प्लेटांमधली तफावत खूप कमी झाली. ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की नवा भाग कानशीने घासत बसावं लागत नाही.

मग ती खार. 1400 मालिकेच्या बाजूच्या प्लेटांवर उठावात ओतलेली खार हा कंपनीचा छाप. जुन्या '1बी' आणि '2बी' या लांबट पेटीसारख्या मॉडेलांवरही ती आहे. ती नुसती शोभेसाठी आहे असं समजू नका. मोठी सपाट पातळ प्लेट ओतणं हे फाउंड्रीचं सगळ्यात अवघड काम. असमान निवण्याने तिला बाक येतो आणि प्रकाश तिरपा पडला की लाटा दिसतात. नक्षी आणि पट्ट्या त्या लाटा लपवतात, शिवाय प्लेटेला ताठपणा देतात. आजकालच्या गुळगुळीत, कोरी भिंत असावी तशा शेगड्या ओतायला जास्त कठीण. त्यामुळे दुकानात सपाट मॉडेल बघताना मोबाइलचा टॉर्च प्लेटेला चिकटवून तिरपा मारा, लबाडी लगेच कळते. नक्षीदार प्लेटेवर हाच उजेड बारीक छिद्रं दाखवतो. टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन चालतील. रंगाखाली पुटीने बुजवलेला खड्डा चालणार नाही, कारण तापल्यावर पुटी फुगून निघते.

आता सांधे. बिडाच्या शेगडीचं आयुष्य तिच्या सांध्यांवर ठरतं. बीड तापल्यावर दर अंशाला मीटरमागे सुमारे 0.011 मिलिमीटर वाढतं. 400 मिलिमीटरची प्लेट 400 अंशांनी तापली की पावणेदोन मिलिमीटर वाढली. आतली प्लेट जास्त तापते, बाहेरची कमी, म्हणजे प्रत्येक पेटवणीत प्लेटा एकमेकींवर घासतात. सांध्यातलं आगीचं सिमेंट किंवा दोरी ही हालचाल झेलते. बोल्ट जास्त आवळले तर प्लेटेला सरकायला जागा राहत नाही आणि ती बोल्टच्या भोकापासून तडकते. जुनी शेगडी खोलून पुन्हा जोडणाऱ्यांची हीच चूक सर्वात नेहमीची: हात चांगला म्हणून पाना मारला जोरात. हाताने बसवून मग पाऊण फेरा, बास. आणि नव्या बोल्टला ग्राफाइट किंवा तांब्याचं वंगण लावा, नाहीतर पुढच्या खेपेला बोल्ट तुटूनच निघेल.

जुन्या शेगडीचे सांधे तपासायची रीत सोपी आहे. खोलीत अंधार करून आत प्रखर दिवा ठेवा आणि चारही बाजूंनी बघा. जिथून उजेड झिरपतो तिथून हवाही शिरते. बोटाच्या सांध्याने प्रत्येक प्लेट वाजवा. अखंड प्लेट टणत्कार देते, तडकलेली बद्द वाजते. दारासाठी कागदाची पट्टी दाराच्या कडेत धरून दार लावा आणि ओढा. अडकायला हवी. आठ-दहा ठिकाणी हे करून बघा, कारण दोरी बिजागरीच्या बाजूला आधी बसते. सुटली तर दोरी बदला: जुनी खरवडून काढायची, खाच वायरब्रशने स्वच्छ, दोरीचा तोच व्यास, उष्णतेला टिकणारा डिंक. दोरी खाचेत ओढून ताणू नका, उलट किंचित दाबत बसवा. ताणलेली दोरी बारीक होते आणि महिन्याभरात पुन्हा तीच रड.

काय बिघडतं, याचा क्रम ठरलेला आहे. आधी जाळी. जाळीचा शत्रू आगीपेक्षाही राखेचं ताट. जाळीच्या खालून येणारी हवा जाळीला गार ठेवत असते. ताट काठोकाठ भरलं आणि राख जाळीला टेकली की ती हवा अडते, वरून निखारे, खालून गरम राख, आणि जाळीच्या दांड्या लाल होऊन खचतात. खचलेली जाळी बघून लोक "हलकं बीड वापरलं" म्हणून बोंब मारतात. दहापैकी नऊ वेळा ताट रिकामं केलेलं नसतं. दगडी कोळसा किंवा कोळशाच्या विटा जाळणाऱ्यांनी ताट रोज रिकामं करावं. नुसतं लाकूड जाळणाऱ्यांनी मात्र जाळीवर दीड-दोन सेंटीमीटर राखेचा थर राहू द्यावा, कारण लाकडाला हवा वरून हवी असते आणि तो थर जाळीला झाकतो. म्हणजे ताट रिकामं आणि जाळी राखेने झाकलेली. पुष्कळांचं नेमकं याच्या उलट चालतं.

नंतर बॅफल. धूर तिला वळसा घालून नळकांड्यात जातो. शेगडीत सर्वाधिक तापते तीच. 500 अंशांच्या पुढे वारंवार गेलं की बिडाची अंतर्गत रचना बदलते: पोलादासारखा भाग मोडून त्यातला कार्बन ग्राफाइट म्हणून वेगळा होतो, ग्राफाइटच्या पापुद्र्यांवाटे ऑक्सिजन आत शिरतो आणि प्लेट कायमची फुगते. फाउंड्रीवाले याला बिडाची 'वाढ' म्हणतात. वाढलेली बॅफल वाकते, टेकूंत अडकते आणि मग बाजूच्या प्लेटेला ढकलून तीही तडकवते. म्हणून बॅफल दरवर्षी काढून बघा. ती सैल निघायला हवी. वरच्या बाजूला साठलेली काजळी आणि राख झाडा, कारण तिथे साचलेला ढिगारा धुराची वाट अडवतो आणि शेगडी दारातून खोलीत धूर ओकायला लागते. नवी काच, नवी दोरी, नवी चिमणी असं सगळं करून झाल्यावर बॅफलवर मूठभर राख सापडलेली उदाहरणं कमी नाहीत.

तिसरी काच. ती साधी काच नसून काचमिश्र सिरॅमिक असते आणि उष्णतेने फुटत नाही. फुटते ती लांब ओंडका दाराने दाबल्यावर किंवा काचेच्या क्लिपा जास्त आवळल्यावर. वरून खाली काचेलगत वाहणाऱ्या हवेने ती स्वच्छ राहते. काच खालच्या कोपऱ्यांत काळी होत असेल तर चालवून घ्या. संपूर्ण काळी होत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा गळा दाबल्यासारखी बंद केलीय. पुसायला ओला कागद पांढऱ्या राखेत बुडवून वापरा, महागड्या फवाऱ्याची गरज नाही. फवारा दोरीत मुरला तर ती कडक होते, हा तोटा वेगळाच.

आतल्या विटा आजच्या बहुतेक शेगड्यांत वर्मिक्युलाइटच्या असतात: हलक्या, मऊ, ओंडका आपटला की चिरणाऱ्या. चिरलेली वीट जागेवर उभी असेल तर काम देते. मागची प्लेट उघडी पडली तरच बदला. (योगायोग म्हणजे मॉर्स आणि शेजारच्या फुर बेटावर 'मोलर' नावाची माती निघते. सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची ही हलकी माती उष्णतारोधक विटांसाठी पूर्वापार वापरतात. एकाच बेटाच्या परिसरात लोखंड ओतणारे आणि त्याला आगीपासून राखणारी माती, दोन्ही.)

तडकलेल्या प्लेटेला वेल्डिंग करावं का? निकेलच्या सळईने, अख्खी प्लेट तापवून आणि मग राखेत किंवा वाळूत हळूहळू निववून करता येतं, पण आगीसमोरच्या जुन्या, 'वाढलेल्या' बिडावर टाका धरत नाही. शेजारीच नवी चीर जाते. केसाएवढी चीर सिमेंटने बुजवून, टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडून थांबवणं हा काही हंगामांचा उपाय. मूळ प्लेट मिळत असेल तर वेल्डिंगच्या वाटेला जाऊच नये.

चालवण्याबद्दल तक्रार एकच, पण मोठी: पेटी लहान आहे. पाव मीटरच्या आसपास लांबीचे ओंडके हवेत, म्हणजे बाजारात मिळणारी 33 सेंटीमीटरची लाकडं पुन्हा कापावी लागतात. कोरड्या लाकडात किलोमागे साधारण चार युनिट ऊर्जा असते. 75 टक्के कार्यक्षमता धरली तर खोलीत येतात तीन. साडेचार किलोवॅट हवे तर तासाला दीड किलो लाकूड, आणि ते एका वेळी कोंबण्याऐवजी अर्ध्या-पाऊण तासाने मिळून किलोभराचे दोन तुकडे असं. ज्यांना तीन तास बघायचंच नाही त्यांच्यासाठी ही शेगडी नाही. रात्री हवा बंद करून ओंडके धुमसत ठेवायचा जुना प्रकार तर कुठल्याच शेगडीत करू नये: अर्धवट जळालेला धूर नळकांड्यात डांबर होऊन बसतो, आणि एके दिवशी ते डांबरच पेट घेतं. छोट्या, ऊब नीट राखणाऱ्या खोलीला मात्र हीच लहान पेटी फायद्याची. मोठी शेगडी घेऊन ती सतत दाबून चालवण्यापेक्षा लहान शेगडी पूर्ण जोमात चालवलेली केव्हाही बरी.

पेटवणं वरून खाली: खाली दोन जाड तुकडे, त्यावर आडवे-उभे काडक्यांचे चार-पाच थर, माथ्यावर पेटवणी, हवा पूर्ण उघडी. ज्योत मेणबत्तीसारखी खाली उतरते आणि लाकडातून निघणारा वायू तिच्यातून जाताना जळून जातो. डेन्मार्कमध्ये हीच रीत शिकवतात. नव्या शेगडीला पहिल्या तीन पेटवण्या लहान, मध्ये पूर्ण निवू द्यायची. रंग पक्का होताना वास येतो, खिडकी उघडा. आणि त्या वेळी वरच्या प्लेटेवर किटली ठेवू नका, तिचा वळ कायमचा उमटतो.

बसवताना दोन गोष्टींवर कंजुषी नको. एक धुरांड्याची ओढ: युरोपात शेगड्यांची चाचणी 12 पास्कल ओढीवर होते, आणि तेवढी ओढ तुमच्या धुरांड्याला नसेल तर शेगडी कितीही चांगली असो, ती रडणार. दुसरी हवा. दीड किलो लाकडाला तासाला पंधराएक घनमीटर हवा पुरते, पण स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा ताशी काही शे घनमीटर ओढतो. बंदिस्त घरात तो जिंकतो आणि शेगडीचा धूर, सोबत कार्बन मोनॉक्साइड, उलटा खोलीत येतो. म्हणून हवेची वेगळी नळी आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर हवाच. डेन्मार्कमध्ये नवी शेगडी बसवली की धुरांडं साफ करणाऱ्या अधिकृत माणसाकडून तपासून घ्यावी लागते. ही तपासणी जाच समजू नका. त्याच्याकडेच ओढ मोजायचं यंत्र असतं.

जुनी स्वस्तात मिळते म्हणून घ्यावी का? इथे भावना आणि कायदा आमनेसामने येतात. 1 जानेवारी 2022 पासून युरोपीय संघात नव्या बंद शेगडीची हंगामी कार्यक्षमता किमान 65 टक्के आणि धुरातले कण घनमीटरमागे 40 मिलिग्रॅमच्या आत हवेत. डेन्मार्कने त्याहून पुढे जाऊन ऑगस्ट 2021 पासून असा नियम केला, की घर विकत घेणाऱ्याने 2003 पूर्वीची शेगडी काढून टाकावी किंवा बदलावी. म्हणजे '1बी', '2बी'सारख्या शेगड्या लोखंड म्हणून शंभर वर्षं टिकल्या तरी घराचा मालक बदलताना हटवाव्या लागतात. कारण साधं आहे: त्यांच्या आगीला वरून गरम दुय्यम हवा मिळत नाही, त्यामुळे धुरातले वायू न जळताच वर जातात. हे प्लेट बदलून सुटत नाही, कारण पेटीची अंतर्गत रचनाच वेगळी आहे. टिकाऊपणाची जाहिरात करणाऱ्यांनी ही बाजू सांगायला हवी, ती सहसा सांगत नाहीत. 1400 मालिका घेणार असाल तर त्यातही नव्या नियमात बसणारी आवृत्तीच घ्या. बाहेरून खार तीच असते, आतली हवेची वाट वेगळी असते.

एकंदरीत ओतकामाला साडेचार तारे, सुट्या भागांना पाच, पेटीच्या आकाराला तीन. पोलादी शेगडी याच किमतीत मोठी काच आणि मोठी पेटी देते, आणि ज्यांना पाच-सात वर्षांत घर बदलायचं आहे त्यांनी तीच घ्यावी, उगीच बिडाचा सोस करू नये.

विकत घेतलीत तर पहिली पेटवणी करण्याआधी एक काम करा. दार उघडून प्रत्येक प्लेटेच्या आतल्या अंगाचे फोटो काढा. तिथे भागाचे क्रमांक ओतलेले असतात, आणि दोन हंगामांत काजळी व गंजाने ते वाचता येईनासे होतात. हंगाम संपल्यावर राख पूर्ण काढा, कारण ती दमट हवेतलं पाणी ओढते आणि त्या खारट ओलीने तळाची प्लेट आतून खाल्ली जाते. दार बोटभर उघडं ठेवा, जाळी आणि बॅफल काढून बाजूला ठेवा. पुन्हा बसवताना त्या सहज बसल्या नाहीत, तर कुठे काय वाढलंय ते तेव्हाच कळतं आणि नवा भाग थंडी सुरू व्हायच्या आत मागवता येतो.